ट्रकच्या पायरीवरचा अंगठा

माझी लेक ट्रक चालवणाऱ्यांच्या शेजारी बसते. लेक काय करते असं कुणी विचारलं की मी हेच सांगते. मग समोरचा माझ्याकडे बघत राहतो आणि मला पुढचं सगळं उलगडून सांगावं लागतं. आम्ही झिरकपूरला राहतो, चंडीगढला अगदी चिकटून. तिथून अंबाल्याच्या रस्त्याला लागलं की एक केंद्र आहे. ज्याला ट्रक-ट्रेलर चालवायचा परवाना हवा, त्याची परीक्षा तिथं होते. मोठं मैदान, त्यात आखलेला रस्ता, एक चढ, आठाच्या आकड्यासारखी वळणं, आणि गाडी मागं नेत नेत दोन खांबांच्या मधे उभी करायची एक जागा. परीक्षा देणारा चाक हातात धरतो, माझी लेक शेजारी बसून बघते, आणि खाली उतरल्यावर सांगते, पास की नापास.

बाईमाणूस आणि ट्रकात, हे आश्चर्य सगळ्यांचं करून झालंय. पण तिचे वडील फौजेत, गाड्यांच्या तुकडीत. नव्या जवानांना ट्रक शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. ही पोरगी लहानपणी ट्रकच्या बॉनेटवर बसून दहीभात खायची. आता ते नाहीत. जावई हवाई दलात, सध्या आसामकडे. म्हणजे घरात आम्ही तिघी, मी, लेक आणि चौथीतली नात. नातीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. मी किती आळवणी केली, एक वाक्य मराठीत बोल, तुला शेंगदाण्याचा लाडू देते. तिनं लाडू खाल्ला आणि म्हणाली, "बहुत अच्छा है, आजी."

सांगते ते मागच्या थंडीतलं. इकडचं धुकं ज्यानं पाहिलं नाही त्याला कसं सांगावं? सकाळी खिडकी उघडावी तर समोरची इमारत गायब. खालून गाड्यांचे नुसते आवाज येतात, गाडी दिसत नाही. लेक स्कूटरवर कामाला जायची. तिची स्कूटर गेटाबाहेर पडली की दोन हातांवर विरघळून जायची, आणि मी गॅलरीत शाल घट्ट धरून तशीच उभी. तिकडे पोचली की ती फोन करून एकच शब्द बोलायची, "पोचले." तो शब्द कानावर पडेपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नसे. पण ती भीती रोजची होती, पोटात घालून कामं करता यायची. पुढची भीती वेगळी.

एका संध्याकाळी ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "आई, एक माणूस सारखा परीक्षेला येतोय."

"नापास होत असेल बिचारा."

"अगं, सारखा पास होतोय. दर वेळी वेगळ्या नावानं."

मी हसले. तिला हसू आलं नाही. मग तिनं नीट सांगितलं. परीक्षेच्या दिवशी माणूस आधी खिडकीवर जातो. तिथं त्याचा फोटो आणि अंगठा घेतात, तो खराच असतो. पण खिडकीपासून ट्रक उभे असतात तिथवर बरंच चालत जावं लागतं, वाटेत चहाची टपरी आणि संडास. तेवढ्यात माणूस बदलतो. खरा तिकडं चहा पीत बसतो आणि त्याच्या जागी कसलेला ड्रायव्हर येऊन ट्रकात चढतो. थंडीत काय, सगळ्यांचीच तोंडं मफलर आणि माकडटोपीत. मफलर काढायला लावला तरी फोटो एवढासा, आणि बदली माणूसही त्याच अंगाचा, तसल्याच मिशांचा निवडलेला.

"मग तुला कसं कळलं?"

ती मेथीची काडी हातात धरून थांबली. "आई, तो बाबांसारखी फेरी मारतो."

आमच्या घरात 'बाबांची फेरी' म्हणजे काय हे सांगायला लागत नाही, तुम्हाला सांगते. फौजेतला ड्रायव्हर गाडीत एकदम चढत नाही. आधी गाडीभोवती फिरतो, प्रत्येक टायरवर बोटांच्या पेरांनी टकटक करतो, वाकून तेल गळतंय का बघतो. हे बरेच जण करतात. पण ह्यांच्या तुकडीत शेवटी पुढची नंबरप्लेट तळहातानं पुसायची शिस्त होती. हे तर पेन्शनीत आल्यावर घरची स्कूटरसुद्धा तशीच पुसायचे. शेजारणी हसायच्या, आंघोळ घालताय का म्हणून. आता ह्या धुक्यात एक अनोळखी माणूस तसाच फिरत होता, आणि लेकीच्या हातातल्या नोंदीच्या यंत्रावर लिहिलेलं, हा करनालचा तरुण, पहिल्यांदाच मोठी गाडी हाताळतोय.

"पहिल्यांदा हाताळणारा अशी फेरी मारेल का, तूच सांग," ती म्हणाली.

तिनं केंद्राच्या साहेबांना एकट्याला गाठून एक उपाय काढला. अंगठ्याचं एक छोटं मशीन मागवायचं आणि ते थेट ट्रकच्या पायरीपाशी बसवायचं. चढताना अंगठा, उतरताना अंगठा. येत्या सोमवारी न सांगता सुरू. कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

आणि पत्ता लागला, तो आमच्या तोंडून.

इथं आमची खोड सांगायला हवी. महाराष्ट्रातून इतक्या लांब येऊन राहिलेल्या माणसांना एक सवय लागते. चारचौघात मराठी बोललं की आपण जणू घरात दार लावून बोलतोय असं वाटतं. कुणाला कळतंय? लिफ्टमधे, बसमधे, भाजीवाल्यापुढं आम्ही वाट्टेल ते बोलायचो. "हिनं लिपस्टिक बघ किती थापलीय." "हा मुळा शिळा आहे, पुढं चल." समोरचा माणूस गोड हसून बघायचा आणि आम्हीही गोड हसायचो. सगळी मराठी घरं हेच करतात हो इकडं, काय डॉक्टर आणि काय फौजी.

त्या शनिवारी नातीला शाळेचा स्वेटर घ्यायला आम्ही चंडीगढच्या सेक्टर बावीसमधे गेलो. नंतर बसस्टँडजवळच्या एका खाणावळीत जेवायला बसलो. टेबलं इतकी जवळ की मागच्याची कोपरं आपल्या पाठीला लागावीत. लेक थकली होती, आणि थकलेलं माणूस जास्त बोलतं. तिनं सोमवारचं सगळं मला सांगितलं. मशीन पायरीवर कसं बसवणार, वायर कुठून येणार, कुणाकुणाचा संशय आहे. मीही खोदून खोदून विचारत होते. आवाज मोठाच, कारण खाणावळीत गाणी लागलेली.

शेजारच्या टेबलावर एक माणूस एकटा जेवत होता. आमच्याकडे अर्धी पाठ, गळ्यात करड्या रंगाचा मफलर. वाटीत डाळ घेऊन त्यात रोटी बारीक कुस्करत होता. मला गंमत वाटली. मी लेकीला म्हटलं, "बघ की, अगदी आपल्याकडच्यासारखा कुस्करून खातोय." त्याचा हात वाटीत होता तसा थांबला. मग परत कुस्करायला लागला. मी पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं.

सोमवारी तो परीक्षेला आला नाही. त्याच्या भरवशावर ज्यांनी परीक्षेला नाव घातलं होतं ते सगळे एकाच दिवशी आजारी पडले. लेक दुपारी फोनवर म्हणाली, "आई, आतल्याच कुणी सांगितलं. साहेबांवर तरी कसा भरवसा ठेवू यार?" साहेबांनाही तिचाच संशय. आमच्या मनात दुसरं काही आलंच नाही.

त्याच दिवशी मला फोन आला. आवाज गोड, अदबीचा. "माताजी, नमस्ते जी. आपकी बेटी स्कूटर पे जाती है ना? कोहरा बहुत है आजकल." मी विचारलं, कोण बोलतंय? "अपना ही समझिए जी. उनको बोलिए, वो अंगूठे वाली मशीन सीढ़ी से हटवा दें. वायर भी पीछे से लाए हैं, ठंड में फालतू मेहनत." आणि फोन ठेवला.

वायर मागून आणणार, हे लेकीनं मला खाणावळीत सांगितलं होतं. म्हणजे आपल्याला कुणीतरी ऐकतंय. घरात? मी वेड्यासारखी दिव्याची बटणं, देव्हाऱ्यामागची भिंत, नातीच्या बाहुल्यासुद्धा तपासल्या. लेक आल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, "मशीन बसवणाऱ्यानं सांगितलं असेल." पण बोलताना तिनं खिडकीचा पडदा ओढला.

त्यानंतर मी भीतीशिवाय श्वास घेतलेला आठवत नाही. पुढच्या एका सकाळी तिचं "पोचले" आलं ते खूप उशिरा. संध्याकाळी घरी आल्यावर हसत हसत सांगायला लागली. पुलावर एक ट्रक मागं लागला. हिनं वेग कमी केला की तो कमी करायचा, वाढवला की वाढवायचा. ओलांडून पुढं जाईना. दिवे पूर्ण उजेडाचे आणि हॉर्न दाबून धरलेला. धुक्यात पुढचं दिसत नाही, मागं तो उजेड. "मजा म्हणून करतात गं ते लोक," ती म्हणाली. मी तिच्यापुढं चहा ठेवला. तिनं कप उचलला, बशीत परत ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी दोन्ही हातांनी धरला, तरी चहा सांडला.

तेव्हा मी बोलले ते बोलले. "पास कर त्यांना. आपल्याला काय करायचंय? सगळं जग करतंय, तू एकटी कुठं कुठं पुरी पडणार? तुला काही झालं तर ह्या पोरीनं कुणाकडं बघायचं?"

ती चिडली नाही. कप ठेवून म्हणाली, "आई, तुला मागच्या ट्रकची भीती वाटते ना? मलापण वाटते. पण ज्याला गाडी मागं घेता येत नाही, ब्रेक कधी दाबायचा कळत नाही, त्याला मी पास केलं, तर तो ह्याच रस्त्यावर येणार. हिच्या स्कूलबसच्या मागं. मग मी रोज कुणाकुणाला फोन करून 'पोचले का' विचारू?"

नात अभ्यासाच्या वहीतून मान वर करून म्हणाली, "मम्मा, कौन पीछे आ रहा है?" आम्ही दोघी एकदम म्हणालो, "कुणी नाही."

आणि मग तो आला.

दुपारची वेळ, जरा ऊन पडलं होतं. नात शाळेत, लेक कामावर. मी खाली बसून मटार सोलत होते. बेल वाजली. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. करडा मफलर, टोपी, मिशा. साखळी लावलेली होती, तरी दुसरी कडीही लावली. कडीचा आवाज त्यानं ऐकला.

"काकू," तो दारापलीकडून म्हणाला, "दार उघडू नका. नुसतं ऐका."

मराठीत.

तुम्हाला खरं सांगते, हिंदीत कुणी शिव्या दिल्या असत्या तर मी एवढी घाबरले नसते. इतकी वर्षं ह्या परक्या शहरात ही भाषा म्हणजे आमची आतली खोली होती. तिथं कुणी शिरत नव्हतं. आणि आता एक अनोळखी माणूस आधीपासूनच त्या खोलीत बसलेला होता.

"त्या दिवशी खाणावळीत मी शेजारी होतो. ताईंच्या मागावर पाठवलं होतं मला, घर बघून ये म्हणून. तुम्ही म्हणालात ना, आपल्याकडच्यासारखा कुस्करून खातोय."

सगळं एका क्षणात जुळलं. वायर, मशीन, फोन. आणि एवढ्या भीतीत माझ्या तोंडून काय निघावं? "कुठला रे तू?"

तो म्हणाला, "वाईकडचा."

"वाईकडचा आहेस आणि ही कामं करतोस?"

"काकू, फौजेत ट्रक चालवला. सुटल्यावर इकडंच राहिलो. एकदा कुणासाठी तरी बसलो परीक्षेला. आता उठू देत नाहीत." जिन्यात कुणाचा तरी पाय वाजला, तसा त्याचा आवाज खाली आला. "उद्या ताईंना स्कूटरवर पाठवू नका. ट्रक घेऊन मागं जायला मला सांगितलंय. मी नाही म्हटलं तर दुसरा जाईल."

"नुसतं घाबरवायला?"

भिंगातून पाहिलं तर नुसता जिना. मी तिथंच दाराला पाठ लावून खाली बसले.

लेकीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला, पण डोकं चालत होतं. "आई, हाच तर धाक आहे. उद्या मोठी परीक्षा आहे, खूप जण येणार. मी घरी बसले की माझ्या जागी दुसऱ्याला बसवतील, आणि सगळे पास. तो इशारा द्यायला आला होता की मला घरी बसवायला, कसं ओळखायचं?"

"आवाज खरा वाटला गं."

"आपल्या भाषेत बोलला म्हणून तुला खरा वाटला."

शेवटी एवढं ठरलं की ती जाणार, पण स्कूटरवर नाही. आणि एकटी नाही. "मी येते," मी म्हटलं. "तू येऊन काय करणार?" "काही नाही. बसणार." नातीला शेजारच्या सरदारणीकडं सोडलं, डबा भरून घेतला आणि दोघी बसमधे चढलो.

बस सरपटत चाललेली, काचा पांढऱ्या. मागून दिवे आले की मी लेकीचा दंड धरायची. ट्रक शेजारून जायचा, त्याची चाकं खिडकीएवढी उंच. प्रत्येक ट्रक तोच वाटायचा. लेक म्हणाली, "आई, सोड, रक्त थांबलं माझं." पण तिनं हात काढून घेतला नाही.

केंद्रावर पोचलो तर पायरीवरचं मशीन बंद. मागची वायर कुणीतरी कापलेली. साहेब म्हणाले, "आज ऐसे ही कर लो, मैडम. कल देखेंगे." लेक म्हणाली, "करते हैं." टपरीवरून एक प्लास्टिकची खुर्ची आणून ट्रकजवळच माझ्यासाठी ठेवली आणि कामाला लागली. मी शालीत स्वतःला गुंडाळून, मांडीवर डबा घेऊन बसले. माणसं येत होती, सगळी सारखीच. मफलर, टोपी, तोंडातून वाफ. कुणी खरा, कुणी खोटा, मला काय कळणार?

आणि मग धुक्यातून एकजण ट्रकपाशी आला. चढला नाही. उजव्या बाजूनं निघाला. टायरवर पेरांनी टकटक. पुढं. टकटक. वाकून गाडीखाली पाहिलं. मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूनं पुढं आला, आणि तळहातानं नंबरप्लेट पुसली.

काय सांगू. क्षणभर मला आमचे हेच दिसले. तीच मान खाली घालण्याची तऱ्हा, तोच पंजा. मला रडू आलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण मला माहीत होतं हा कोण आहे. हात पुसत तो माझ्या खुर्चीजवळून ट्रकच्या दाराकडं निघाला, हाताच्या अंतरावर. त्यानं मला पाहिलं नव्हतं. मी काहीही ठरवलं नव्हतं, देवाशपथ. दारात आलेल्या माणसाला आपण जे विचारतो तेच तोंडातून बाहेर पडलं.

"जेवून आलास का रे?"

"नाही, काकू," तो म्हणाला.

म्हणाला आणि थांबला. मी थांबले. ट्रकच्या दारापाशी यंत्र हातात घेऊन उभी असलेली माझी लेक थांबली. तिच्या यंत्रावर ह्या वेळी नाव वेगळं होतं, गाव पुन्हा करनाल. करनालच्या माणसानं मराठीत काकू म्हणायचं काही कारण नव्हतं.

लेक पुढं आली. तिनंही मराठीतच सांगितलं, "मफलर काढा, दादा."

त्याला पळता आलं असतं, धुकं होतं. तो पळाला नाही. मफलर उलगडत राहिला, जरा जास्तच सावकाश, जणू तो संपूच नये. लेकीनं फोटो काढला, मोठ्यानं हाक मारली, साहेबांना यावंच लागलं, चार माणसं जमली. टपरीवरचा एक जाडजूड जाकीटवाला चहाचा पेला तसाच ठेवून उठला आणि गेटाकडं चालायला लागला. तोच खरा करनालचा असावा. ट्रक चालवता येत नसला तरी निसटून जाणं त्याला चांगलं जमलं.

पोलीस येईपर्यंत तो ट्रकच्या पायरीवर बसून होता, जिथं अंगठ्याचं मशीन होतं तिथंच. मी जाऊन त्याच्या हातात डबा दिला. लेक ओरडली, "आई!" मी म्हटलं, "असू दे, उपाशी आहे." त्यानं डबा उघडला नाही. दोन्ही हातांनी धरून बसला. मी हळूच विचारलं, "आज ट्रक घेऊन आला होतास आमच्या गेटाशी?" तो म्हणाला, "काकू, ते विचारू नका." पोलीस आले तेव्हा तो डबा माझ्या खुर्चीवर नीट ठेवून, झाकण घट्ट आहे का बघून मग गेला.

लोक म्हणाले, काकूंनी काय डोकं चालवलं! मी कसलं डोकं चालवतेय? माझ्या तोंडून निघालं आणि तो अडकला. ज्यानं दारात येऊन सावध केलं त्यालाच मी धरून दिलं, की ज्यानं ट्रक मागं लावला असता त्याला धरून दिलं, हे मला माहीत नाही. लेक म्हणते, "दोन्ही एकच माणूस असू शकतो, आई." पुढं त्याचं काय झालं तेही कळलं नाही. त्यानं काही नावं सांगितली म्हणतात. काहींना पकडलं, काही गेले कुठंतरी. केंद्रावर मात्र आता ट्रकच्या आत कॅमेरा आहे, पायरीवर नवं मशीन आहे, आणि उतरताना मफलर काढून अंगठा दिल्याशिवाय कुणी पास होत नाही. बरेच जण नापास होतात. लेक खूश असते.

फोन बंद झाले. तुम्ही म्हणाल, बरं झालं. पण फोन येत होता तेव्हा निदान ते कुठं आहेत ते कळत होतं. आता कळत नाही. लेक बसनं जाते. "पोचले" अजून येतं, आणि ते येईपर्यंत मी अजून गॅलरीत असते, धुकं असो की ऊन.

एक गोष्ट मात्र गेली. आम्ही दोघी बाहेर बोलेनाशा झालो. भाजीवाल्यापुढं उभ्या राहतो, मुळा शिळा असतो, लेक नुसती माझ्याकडं बघते आणि पुढं चालायला लागते. बसमधे गप्प. लिफ्टमधे गप्प. ठरवून नाही, आपोआप.

परवा शाळेला सुटी होती. लेक कामावर गेलेली. मी नातीला घेऊन सेक्टर बावीसमधे लोकर घ्यायला गेले. बस जामात अडकली असावी, "पोचले" अजून आलं नव्हतं, फोन माझ्या मुठीत. दुकानात गर्दी. आणि नात एकदम, खणखणीत आवाजात म्हणाली, "आजी, आई अजून पोचली नाही का गं?"

अख्खं वाक्य. मराठीत. ज्याच्यासाठी मी वर्षानुवर्षं लाडू वळले ते वाक्य. आणि मी काय केलं? तिच्या तोंडावर हात ठेवला. "हळू!" म्हटलं आणि मागं वळून बघितलं, कुणी मान वर केली का ते.

केली होती. पलीकडं एक बाई उभ्या होत्या, माझ्याच वयाच्या, हातात लोकरीचे गुंडे. चेहरा असा फुललेला. "अगंबाई, तुम्ही मराठी का?"

ह्या शहरात असं विचारणारं कुणी भेटलं की मी आजवर त्यांना घरी नेऊन जेवायला घातलंय. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचं कुंकू पाहिलं, त्यांची पिशवी पाहिली, त्यांच्याबरोबर अजून कुणी आहे का तेही पाहिलं.

"नहीं जी," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा विझला. "सॉरी हां," म्हणून त्या बाजूला झाल्या. नात माझा हात तोंडावरून काढून माझ्याकडं बघत राहिली. तेवढ्यात मुठीतला फोन वाजला.

"पोचले," लेक म्हणाली.

मी भानावर आले. गर्दीत त्या बाईंना शोधायला लागले. ह्या काउंटरवर, त्या काउंटरवर, मग बाहेर फुटपाथवर. सगळीकडं शाली आणि पिशव्या. हाक मारायला तोंड उघडलं. कुठल्या भाषेत मारू ते सुचेना. नातीनं माझा हात धरला आणि ओढत म्हणाली, "चलो आजी, घर चलो."